धाकटीचा वाटा

१४ जून

धाकटे,

वर काय लिहावं या विचारात दोन कागद फुकट गेले. हे म्हणाले, कामाचं पत्र आहे, सरळ कामाचं लिही. तर लिहिते.

साथीच्या बंदीत ज्या फुलवाल्यांचा माल बाजारात जाऊ शकला नाही, त्यांना सरकार मदत देणार आहे. जेवढी लागवड तेवढी रक्कम, आणि ती थेट खात्यात. आपल्या फुलांच्या दोन्ही शेडची नोंद झाली. शेतकी ऑफिसातल्या मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या. पण जमिनीच्या उताऱ्यावर अर्धा हिस्सा अजून तुझ्या नावावर आहे. भावजी गेल्यावर तुझं नाव लागलं, ते तसंच राहिलं. तिथं घोडं अडलंय. सोबत एक संमतीपत्र पाठवतेय. त्यात असं आहे की गेली चार वर्षं तू शेतात नाहीस, लागवड सगळी आमची, आणि मदतीच्या रकमेवर तुझा काही हक्क नाही. खाली फुली मारली आहे तिथं सही कर आणि लगेच परत पाठव. ऑगस्टमध्ये मुदत संपते.

आम्ही सगळे ठीक आहोत. यांना मध्ये थोडा खोकला होता, आता बरे आहेत.

एवढं यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. आता हे मोटर बंद करायला गेलेत आणि कागद अर्धा कोरा आहे. तसाच पाठवायचं जिवावर येतं.

पत्ता कुठून मिळाला असं तुला वाटलं असेल. आपल्या पोरीनं दिला. तुला कसा गं माहीत, असं विचारलं तर म्हणाली, काकूचा पत्ता मला पहिल्यापासून माहीत आहे, तू कधी विचारलंच नाहीस. एका घरात राहून तिनं मला ताकास तूर लागू दिली नाही. ही कला ती तुझ्याकडूनच शिकली असणार.

यंदा कार्नेशन काय आलं होतं म्हणून सांगू! तुझ्या शेडमध्ये (मी अजून तिला तुझीच शेड म्हणते, हे काही म्हणत नाहीत) पांढऱ्याच्या कळ्या अशा टरारून वर आल्या होत्या की दांडे धरायला जाळी पुरेना. लग्नसराई तोंडावर होती. आणि बाजार बंद झाला. पहिल्या दिवशी आम्ही नेहमीसारखं कापलं, जुड्या बांधल्या, बादल्यांत उभ्या केल्या. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापलं. बाजार बंद आहे हे झाडाला कुठं कळतं? नाही कापलं तर पुढचं फुटत नाही. मग वाटायला सुरुवात केली. डॉक्टर, पोस्टमन, किराणावाला, शाळेचा शिपाई. आठवडाभरानं अशी गत झाली की आम्ही दिसलो की लोक दारं लावून घ्यायचे. शेवटी शेजारच्या गाईंपुढं टाकलं. गाईंनी कार्नेशन आवडीनं खाल्लं, जरबेरा मात्र हुंगून सोडून दिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, गाईंना ग्रेडिंग कळतं.

शेवटचा ढीग यांनी स्वतः ढकलगाडीनं बांधाकडे नेला. परत येऊन शेडच्या दाराशी बादली पालथी घालून बसले, ते दुपारभर. मी चहा नेला तर विचारलं, वास येतोय का गं? मी म्हटलं, येतोय की, एवढा ढीग पडलाय. तर म्हणाले, मला येत नाहीये.

हे आले. सही लवकर पाठव.

थोरली


६ जुलै

धाकटे,

पाकीट काल आलं. कागद काढला, सही बघितली. मग पाकीट उलटं करून झटकलं. एखादं चिटोरं आत अडकलं असेल म्हणून बोट घालून बघितलं. काही नव्हतं. कशा आहात एवढंही नाही.

जिच्या तोंडाला शेडमध्ये कधी विसावा नसायचा ती हीच का, असं मला वाटलं. पहाटे दव असतानाच आपण कापायला लागायचो. तू त्या टोकाकडून, मी या टोकाकडून. मधे भेटेपर्यंत तुझी टकळी चालूच. तू रांगांना नावं ठेवली होतीस, दोन्ही अर्थांनी. पाण्याच्या टाकीजवळची, जिला काही केल्या कळी धरायची नाही, ती मोठ्या आत्या. जिचे दांडे वाकडेच यायचे, ती वकीलसाहेब. आणि एकदा यांच्या मोठ्या आत्या खरोखरच शेड बघायला आल्या, तेव्हा भावजी पलीकडून ओरडले, मोठ्या आत्यांना कीडनाशक मारायचं राहिलंय! आपण दोघी टाकीमागं तोंडात हातमोजे कोंबून बसलो होतो. आत्या विचारत होत्या, कोण रडतंय तिकडे?

पोर झाली तेव्हा माझ्या अंगात उठायचं बळ नव्हतं. तू तिला फुलांच्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांवर दुपटं टाकून निजवायचीस आणि शेजारी उभी राहून जुड्या बांधायचीस. एकदा भावजींनी चुकून तेच खोकं उचललं. गाडीत चढवायला निघाले होते, तेवढ्यात आतून आवाज आला. कितीतरी दिवस ते तिला पहिल्या प्रतीचा माल म्हणायचे.

भावजी गेले आणि तू बोलायची थांबलीस. मी वाट बघितली. दोन वर्षं गेल्यावर एके दिवशी टाकीपाशी मला पुन्हा तुझं हसू ऐकू आलं. म्हटलं, चला, जखम भरत आली. बाहेर ट्रक लागला होता आणि शिट्टी खोकी चढवत होता, हेही मी बघितलं. पण या दोन गोष्टींची गाठ मला मारता आली नाही. आमच्या लेखी तो फक्त ट्रकवाला. वळणावर हॉर्नऐवजी शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं ते नाव. त्याच्या शिट्टीवर तू ओले हात पुसत बाहेर जायचीस, त्यात नवल ते काय? जुड्या मोजून द्यायचं काम तुझंच होतं.

मग त्या सकाळी मी शेडमध्ये आले तर तुझी कात्री धुऊन, तेल लावून खिळ्याला टांगलेली. सगळ्या रांगांना पाणी दिलेलं. मला वाटलं, आज ही लवकर उठली. खरं काय ते दूधवाल्याकडून कळलं. दूधवाल्याकडून, धाकटे. मी हातात पातेलं धरून उभी, आणि तो दूध ओतता ओतता सांगतोय की तुमच्या जाऊबाईंनी लग्न केलं म्हणे.

लग्न केलंस त्याचं मला काही नाही. तेव्हाही नव्हतं. ऐन उमेदीत माणूस गेल्यावर बाईनं काय भिंतीकडे बघत बसायचं? पण मला सांगितलं नाहीस. एका ताटात जेवलो आपण, आणि मला सांगितलं नाहीस.

काल ते कोरं पाकीट बघून हे सगळं वर आलं. मग पोरीला बसवून खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, काकांचा ट्रक मार्चपासून दारात उभा आहे, आणि काकू बेकरीत पाव पाकिटात भरायला जाते. म्हणजे हात इतका आखडलेला असताना, कागद मिळाल्या दिवशीच तू सही करून टाकलीस. मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळी यांनी विचारलं, "कागद आला?"

"आला. चुलीत घातला."

हे हात धुवायला उठले होते, तसेच उभे राहिले. "चार वर्षं घाम कुणाचा?"

"आपला."

"मग वाटा कुणाचा?"

"अर्धा तिचा."

ते हात न धुताच बाहेर गेले.

यांचंही चुकतं असं नाही, धाकटे. तुझ्या शेडचं प्लॅस्टिक वाऱ्यानं फाटून लोंबतंय. रोपवाटिकेवाला आता रोख मागतो. तू गेल्यापासून चौघांचं काम दोघांनी ओढलंय, आणि यांच्या पाठीनं त्याची किंमत दिली आहे. यातलं काही खोटं नाही. पण तू अशी मुकाट्यानं सही करून दिलेल्या पैशाचं प्लॅस्टिक डोक्यावर ताणून मला त्याखाली काम करता येणार नाही.

तुला काही म्हणायचं असेल तर या वेळी कागदावर म्हण.

थोरली


२६ जुलै

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय तुझं, की पाव भरून भरून हात दुखतो?

तू लिहिलंस, ताई, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला रोज दादांशी खोटं बोलावं लागलं असतं, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तुमचे कान लाल होतात. हे वाचून मी उठले आणि आरशात कान बघितले. लालच होते. पोर म्हणाली, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती हसायला लागली.

तर आता खरं लिहिते. यांना खोकला नव्हता. तीच साथ होती. फुलांचा शेवटचा ढीग टाकला आणि दोनच दिवसांनी यांना गाडीत घालून नेलं. मला आत सोडेनात. दवाखान्याच्या फाटकाबाहेर एका झाडाखाली मी आणि पोर बसायचो, दिवस दिवस. एक नर्स फोन यांच्या कानाला लावायची. एकदा तापात मला म्हणाले, धाकट्याला सांग, गाडी वळणावर आली, जुड्या बाहेर काढ. मी म्हटलं, सांगते. म्हणाले, आणि दोघी जणींनाही उठव. म्हटलं, उठवते. मग नर्सनं फोन काढून घेतला. मी फाटकाला धरून उभी राहिले. त्यांच्या त्या तापातल्या पहाटेला आपण चौघंही होतो, धाकटे. भावजी होते, तू होतीस. मला क्षणभर वाटलं, आपणही तिथंच जावं.

बरे होऊन आले. पण चार पावलं चढ लागला तरी दम लागतो. हे कुणाला कळता कामा नये अशी मला सक्त ताकीद आहे. म्हणून तुलाच तेवढं सांगतेय.

हे अजून माझ्याशी बोलत नाहीत. सगळा कारभार पोरीमार्फत चालतो. तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे. पोर म्हणते, बाबा, ती इथंच बसली आहे. तरी सांग, म्हणतात. मग मीही पोरीला म्हणते, तुझ्या बाबांना सांग, मीठ त्यांच्या कोपराशी आहे. पोर म्हणते, तुम्हा दोघांपेक्षा परीक्षा बरी.

आता कामाचं. शेतकी ऑफिसातल्या मॅडमना मी फोन केला. संमतीपत्र माझ्याकडून जळलं असं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, तसंही तुमच्या जाऊबाईंशी बोलल्याशिवाय मी ते घेणार नव्हते. मग रस्ता सांगितला. दोन्ही हिस्सेदारांनी एकाच दिवशी ऑफिसात यायचं, समोर सह्या करायच्या, फोटो काढायचा, रक्कम कुठल्या खात्यात जायची ते तिथंच सांगायचं. आपल्या भागाचा दिवस ११ ऑगस्ट. त्या दिवशी दोघांपैकी एक जरी आलं नाही तर दोघांचीही मदत जाईल. म्हणजे तुझी जाईलच, पण आमचं प्लॅस्टिकही जाईल, पुढची रोपंही. यंदा लागवड झाली नाही तर दोन्ही शेड मोडून विकायला काढाव्या लागतील. भंगारवाला येऊन पाइप मोजूनही गेलाय. यांनी बोलावलं नव्हतं, वास काढत आला.

मी हे यांच्या कानावर घातलं, पोरीमार्फत. येईन म्हणावं, एवढंच म्हणाले.

तेव्हा तू ये. बस अजून नीट चालू नाहीत, तर त्यालाच घेऊन ये. ट्रक उभाच आहे ना? तो येणार हे मी यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कुणी विचारलंच तर कान झाकून घेईन.

आणि मी त्याला काय म्हणायचं ते एकदा सांगून टाक. दीर म्हणावं तर दिराच्या जागी दीर होता. जावई म्हणावं तर तू माझी लेक नाहीस, निदान कागदोपत्री. आणि शिट्टी म्हणत राहिले तर तू तोंड फुगवून बसशील.

ये.

तुझी थोरली


१३ ऑगस्ट

धाकटे,

नीट पोचलात ना? तुमचा ट्रक ऑफिसच्या फाटकातून बाहेर पडताना बघितला आणि मला आपण दोघी त्याच ट्रकमधून बाजारात गेलो होतो तो दिवस आठवला. तेवढं एकदाच गेलो. भावजींनीच पाठवलं होतं, की रोज मरमर करता, एकदा बघून तरी या तुमची फुलं कुठं जातात. तो केवढा थोरला हॉल, आणि व्यापारी पायऱ्यांवर बसलेले. आपली पांढरी जुडी पुढं आली आणि सगळ्यात वरचा भाव बोलला गेला. तू उभी राहून टाळ्या वाजवल्यास. अख्खा हॉल वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परत येताना रस्ताभर तू शिट्टीला तीच गोष्ट सांगत होतीस आणि तो दर वेळी नव्यानं ऐकतोय असं ऐकत होता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परवा तू झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलीस, तेव्हा रांगेत जे झालं ते तुला ठाऊक नाही. तो तुला सांगेल न सांगेल, म्हणून लिहिते.

फरशीवर पांढरे गोल आखले होते ते तू बघितलेस. एका गोलात हे आणि त्यांच्या मागच्याच गोलात तो. दोघांच्या तोंडाला मास्क. यांचा चष्मा वाफेनं पांढरा झालेला. त्याचे तर केस पार पिकलेत गं. मीसुद्धा त्याला चालीवरून ओळखलं. मी पायरीवर बसलेली, माझा जीव टांगणीला लागला. आता हे वळतील, ओळखतील, आणि तसेच तरातरा निघून जातील. मग सगळंच मुसळ केरात.

हे वळले. त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, कुठली शेती तुमची? तो म्हणाला, शेती नाही, बायकोचं काम आहे, मी गाडीवाला. मग काय, दोघे लागले बोलायला. गाडी बरेच महिने उभी आहे म्हटल्यावर हे म्हणाले, नुसती उभी ठेवू नका, टायर एका बाजूनं बसतात, जॅकवर उचलून ठेवा. तो म्हणाला, ठेवतो. मग फुलांचं निघालं. बर्फ कुठे मिळत नाही, खोकी महागली, हल्लीचे गाडीवाले जुड्या आडव्या टाकतात. हे म्हणाले, आमच्याकडे एक होता, उभ्या लावायचा, एक कळी मोडायची नाही. त्यानं मास्क आणखी वर ओढला.

तेवढ्यात यांना दम लागला. भिंतीला हात टेकला. मी उठायच्या आत तो आत गेला, शिपायाला न विचारता स्टूल उचलून आणलं आणि यांच्या गोलात ठेवलं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. पाणी पिऊन हे त्याला म्हणाले,

"आमच्या घरातलं एक माणूस गेलं. वारलं नाही. गेलं. जायला काही हरकत नव्हती. पण माझ्यासमोरून जायला हवं होतं. मी काय दार अडवून बसलो असतो?"

तो म्हणाला, "तुम्ही रागवाल याची भीती नसेल वाटली तिला. तुम्ही रडाल, याची वाटली असेल."

यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. परत घातला.

"असेल," म्हणाले. आणि मग विचारलं, तुमच्याकडे डिझेल काय भाव आहे?

परक्या माणसाला हे सगळं कसं ठाऊक, हे यांच्या डोक्यात येऊ नये याचं मला नवल वाटलं. पण म्हटलं, निभावलं ना, मग गप्प बस. तेवढ्यात तू झेरॉक्स घेऊन येताना दिसलीस आणि तो हळूच ट्रककडे सटकला.

आतलं तर तुझ्यासमोरच झालं. मॅडमनी फोटोसाठी मास्क खाली करायला सांगितला आणि चार वर्षांनी मी तुझा चेहरा बघितला. बारीक झालीस. तू म्हणालीस, मॅडम, मला काही नको, सगळं दादांच्या खात्यात टाका. मॅडमनी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, दोन खाती लिहा, अर्धं अर्धं. तू तिथंच मान खाली घातलीस. म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. मॅडम बोटानं जागा दाखवत होत्या आणि यांनी भलत्याच रकान्यात सही केली. मॅडमनी दुसरा कागद दिला. त्यावरही तेच, आणि आता तर मास्क खाली होता, चष्म्यावर वाफही नव्हती. तिसऱ्या वेळी मॅडमनी यांचं मनगट धरून पेन जागेवर नेऊन ठेवलं.

घरी येताना यांनी अर्ध्या वाटेत तोंड उघडलं. माझ्याशी, थेट, मधे पोर नसताना.

"तो गाडीवाला बरा माणूस होता," म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कान तापले होते.

तुझी थोरली


६ सप्टेंबर

धाकटे,

रक्कम जमा झाली. तुमचीही झाली असं पोर म्हणाली. यांनी दुसऱ्याच दिवशी प्लॅस्टिक आणलं आणि आधी तुझ्या शेडवर चढवायला घेतलं. मी म्हटलं, आपल्या शेडचं? म्हणाले, ती अजून एक हिवाळा काढेल. स्वतः वर चढता येत नाही, म्हणून खाली खुर्ची टाकून कामगारांना सूचना देत बसले होते. कामगार म्हणाले, काकू, यांना आत न्या, काम लवकर होईल. पांढऱ्या कार्नेशनची रोपं पुढच्या आठवड्यात येतायत. भंगारवाला पुन्हा येऊन गेला, त्याला चहा पाजून परत पाठवला.

तुझं पत्र वाचलं आणि हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे तो पहिल्यापासून जाणून होता की पुढे कोण उभं आहे, आणि सारखा मास्क वर ओढत होता! आणि तासभर तिथं उभं राहून टायरच्या गोष्टी केल्या. म्हटलं, बिचारा काय घामाघूम झाला असेल. आपले हे मात्र भोळे, त्यांना पत्ताच नाही.

काल जेवताना मला राहवेना. मी म्हटलं, "रांगेतला तो गाडीवाला कोण होता, माहीत आहे तुम्हाला?"

हे भाजी वाढून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "शिट्टी."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. विचारलं, कधी ओळखलंत? म्हणाले, पंधरा वर्षं माझी खोकी उचलली त्यानं, पाठमोरा उभा असता तरी ओळखला असता, मास्कचं काय घेऊन बसलीस?

"मग त्याच्याशी बोलला नाहीत ते?"

"बोललो की," म्हणाले. "चांगला तासभर बोललो."

पोर ताटावरून उठून गेली. तिला हसू आवरत नव्हतं, की आणखी काही, मी बघितलं नाही.

मग मी धीर करून अर्ध्या वाट्याचंही विचारलं. घाम आपला म्हणत होतात ना, म्हटलं. हे बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, धाकटा असता तर अर्धं त्याचं होतं, तेव्हा घाम कुणी मोजला असता? पाणी प्यायले. आणि ती सरळ सही करून मोकळी झाली, त्याचा मला राग आला होता, म्हणाले. असं कुणी परक्यासारखं सोडून देतं का?

बघ. तुझ्या त्या कोऱ्या पाकिटाचा राग घरात मला एकटीलाच आला होता असं मी समजत होते. महिनाभर एकमेकांशी न बोलता आम्ही दोघं एकाच गोष्टीवर चिडून बसलो होतो.

आता ऐक. पोर गाडी चालवायला शिकली आहे. शेजाऱ्यांची गाडी मिळतेय. रविवारी सकाळी निघून दुपारपर्यंत पोचू. हेही येतायत. कुणी या म्हटलं नव्हतं. मी आणि पोर ठरवत होतो, तर आतून आवाज आला की मलाही त्या ट्रकचे टायर बघायचेत, सांगितल्याप्रमाणे उचलून ठेवलाय की नाही कोण जाणे. तेव्हा दादा, तुम्ही कसे काय आलात, असलं काही विचारू नकोस. टायर दाखवा. जिना असेल तर खालीच खुर्ची टाक, वर चढवू नकोस.

जेवणाचं फार काही मांडू नकोस. तू बोल, मी ऐकेन, एवढंच मला हवंय. चार वर्षांचं साठलंय.

आणि त्याला सांग, आम्ही आलो की लगेच मास्क काढू नको म्हणावं. मी यांनाही काढू देणार नाही. दोघांना तसेच बसू देत शेजारी शेजारी. बोलून झालं की काढतील आपसूक.

तुझी ताई